चांद्याच्या अरण्यांत इंग्रजी वाणी

गेल्या आषाढांत कांहीं कामानिमित्त आमचा गडचिरोलीस एका स्नेह्यांच्या घरीं मुक्काम पडला होता. एका रात्रीं दहाच्या सुमारास पाऊस थोडा उघडला असतां शेजारच्या मुलींच्या वसतिगृहाच्या पडवींतून एक आवाज कानीं आला. कोणी मुलगी इंग्रजी बोलत होती. वाक्य अडखळे, मध्येंच बसे, आणि पुन्हां उठून चालूं लागे. फोन मोठ्या आवाजावर ठेविलेला असल्यामुळें पलीकडचें बोलणेंही ऐकूं येत होतें. तो एका वृद्ध स्त्रीचा स्वर होता, आणि तिचें इंग्रजी हें कोणा इंग्रज बाईचें नव्हे, हें ऐकणारास तत्काळ कळावें असें होतें. आमच्या स्नेह्यांच्या पत्नी त्याच वसतिगृहाच्या अधीक्षिका आहेत. त्यांजकडे दुसऱ्या दिवशीं चौकशी करितां समजलें कीं, ती मुलगी भामरागड तालुक्यांतील असून तिची घरची भाषा माडिया, आणि पलीकडची बाई ब्राझील देशांतील एक निवृत्त शिक्षिका. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजतात तेव्हां तिच्याकडे दुपारचा दीड वाजलेला असतो. दोघीही आठवड्यांतून दोनदां वीस-पंचवीस मिनिटें बोलतात. दोघींचा उद्देश एकच, बोलण्याची संवय व्हावी हा. विषय ठरलेला नसतो. त्या रात्रीं तो पाऊस हा होता.

ज्याचें आयुष्य इतिहास शिकविण्यांत गेलें त्यास ऐकलेल्या प्रत्येक आवाजाची वंशावळ शोधण्याची खोड असते. या अरण्यांत इंग्रजी भाषा येऊन आतां एकशें सत्तर वर्षें होऊन गेलीं. एवढ्या काळांत ती येथें कोणाच्या तोंडीं राहिली, कोणाशीं बोलली, आणि कोणाशीं कधींच बोलली नाहीं, हा प्रश्न आमच्या मनांत त्या रात्रीं उभा राहिला. तो आमच्या स्वतःच्या आयुष्याशींही कसा निगडित आहे, तें पुढें येईलच.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले आणि पुढल्या वर्षीं डलहौसीनें नागपूरचें राज्य खालसा केलें. त्याच १८५४ सालीं जुलै महिन्यांत हिंदुस्थानांतील शिक्षणासंबंधीं वुडचा सुप्रसिद्ध खलिता विलायतेहून निघाला, आणि डिसेंबराच्या १८ तारखेस एलिस नांवाच्या मद्रासकडील अंमलदारानें चांदा जिल्ह्याचा कारभार हातीं घेतला. राज्य, शाळा आणि साहेब या तिन्ही गोष्टी एका वर्षांत जुळून याव्या हा योगायोग खरा. परंतु तिहींचे पाय चांद्यास सारख्या वेगानें पोहोंचले नाहींत. साहेब प्रथम आला. शाळा फार मागाहून आली. आणि अरण्याच्या आंत, अहेरीच्या पलीकडे, ती शाळा पोहोंचण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

येथील इंग्रजीच्या इतिहासांतील पहिला ठळक प्रसंग मात्र शाळेचा नसून तारायंत्राचा आहे, आणि तो रक्ताचा आहे. १८५८ च्या उन्हाळ्यांत मोलमपल्लीचा तरुण गोंड जमीनदार बाबूराव शेडमाके यानें इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. एप्रिलच्या २९ तारखेस प्राणहिता नदीच्या कांठीं चिंचगुंडी येथें तारायंत्र खात्यांतील तीन गोऱ्या कर्मचाऱ्यांच्या तळावर बंडवाल्यांनीं हल्ला केला. गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पीटर नांवाचा तिसरा निसटून चांद्याचा अंमलदार कॅप्टन क्रायटन याच्याकडे पोहोंचला. पुढें त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं बाबूरावास चांद्याच्या तुरुंगांत फांशीं देण्यांत आलें. या घटनेची राजकीय बाजू अनेकांनीं लिहिली आहे. आम्हांस येथें दुसरीच एक गोष्ट दिसते. दूरच्या माणसानें दूरच्या माणसाशीं क्षणांत बोलावें यासाठीं जें यंत्र निघालें, त्याचीं माणसें प्रथम या वनांत उतरलीं तेव्हां त्यांस या वनाशीं बोलावयाचें नव्हतें. अरण्य हें त्यांच्या वाटेंत पडलेलें एक अंतर होतें. वनांतल्या माणसानें त्या तारेंतून कांहीं सांगावें अशी सोय तींत नव्हती, आणि असती तरी कोणत्या भाषेंत?

याला एक अपवाद आहे व तो मोठ्या मोलाचा आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुमारास नागपुरास आला आणि लौकरच त्यानें तेथें शाळा काढली. त्याच्या धर्मप्रसाराशीं येथें आम्हांस कर्तव्य नाहीं. परंतु हा मनुष्य गोंडवनांतून हिंडला, दगड, शंख, वनस्पति आणि शब्द सारख्याच आस्थेनें गोळा करीत गेला, आणि एका प्रधानाच्या तोंडून लिंगोचें गोंडी गीत त्यानें उतरून घेतलें. १८६३ त एका नदीच्या पुरांत तो बुडून वारला. त्याचे कागद सर रिचर्ड टेंपल यानें १८६६ त छापून काढिले, त्यांत तें गीत भाषांतरासह आहे. इंग्रज राज्याच्या आरंभकाळीं इंग्रजी बोलणारानें गप्प बसावें आणि अरण्यानें बोलावें असा हा एक प्रसंग. यासारखे प्रसंग पुढें फारसे आढळत नाहींत.

त्यानंतर जें इंग्रजी आलें तें जंगलखात्याचें. १८६४ त हिंदुस्थान सरकारनें जंगलांवर पहिला मुख्य अधिकारी नेमिला तो ब्रँडिस, जातीनें जर्मन. त्याच्यामागून आलेला श्लिश जर्मन, त्याच्यामागून आलेला रिबेनट्रॉप तोही जर्मन. म्हणजे ज्या इंग्रजींत आपल्या वनांचे नियम लिहिले गेले तिचे मोठे कारागीर इंग्रज नव्हतेच, ही मौजेची गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. त्या कारभारानें या मुलखांत काय टाकिलें? रेंज, रेंजर, बीट, गार्ड, डेपो, परमिट, टेंडर, आणि फ्रेंचांकडून इंग्रजींत व इंग्रजींतून आमच्याकडे आलेला कूप. आलापल्लीच्या सागवानी वनांत ज्यास दोन अक्षरें लिहितां येत नाहींत त्या म्हाताऱ्याच्याही तोंडीं हे शब्द आहेत. वरोऱ्यास १८७१ च्या सुमारास कोळशाची खाण सुरू झाली, मागून आगगाडी आली, तेव्हां आणखी कांहीं शब्दांची भर पडली. परंतु वाचकांनीं ही यादी नीट पाहावी. तींत सर्व नामें आहेत. क्रियापद एक नाहीं. शंभर वर्षें या लोकांशीं इंग्रजी भाषा केवळ नामांनीं बोलली, म्हणजे अमुक जागा, अमुक हुद्दा, अमुक कागद. 'मला वाटतें', 'तुम्हांस कसें वाटतें?' असें विचारण्याचा प्रसंगच तिला येथें आला नाहीं. ताडोबाच्या मोहर्ली दारावरचे आमचे वाटाडे तरुण परदेशी पाहुण्यांस दोनशें पक्ष्यांचीं इंग्रजी नांवें धडाधड सांगतात, आणि पाहुण्यानें त्यांच्या घरच्या शेतीची गोष्ट काढली कीं गप्प होतात. हें त्याच जुन्या रीतीचें नवें रूप होय. चिपळूणकरांनीं इंग्रजी विद्येस वाघिणीच्या दुधाची उपमा दिली ती पुण्यांत बसून. खऱ्या वाघिणीच्या शेजारीं राहणारांस तिच्या दुधाचा लाभ फार उशिरां झाला.

शाळा-कॉलेजांतून आलेलें इंग्रजी हा दुसरा प्रवाह, आणि त्याचे आम्ही स्वतः एक प्रतिनिधि आहों. हिस्लॉप कॉलेज १८८३ चें, मॉरिस कॉलेज १८८५ चें, नागपूर विद्यापीठ १९२३ चें. चांद्याच्या मुलास पदवी हवी तर नागपूर गांठणें प्राप्त असे. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीस निघालें तें २०११ त. या शिक्षणाची पद्धति महाराष्ट्रांतील प्रत्येक सुशिक्षित कुटुंबास ठाऊक आहे: तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, व्याकरणाचे नियम, शब्दार्थांची वही, आणि मग मिल्टन. या पद्धतीची थट्टा करणाऱ्यांत आम्ही नाहीं. तिनें आमच्या तीन पिढ्यांस जगांतील उत्तमोत्तम ग्रंथ वाचावयास शिकविलें, आणि त्या ऋणाची जाणीव ज्यास नाहीं त्यानें आमच्या मतें तिजविषयीं बोलूंच नये. परंतु तिनें आमची जीभ बांधली हेंही तितकेंच खरें आहे.

एक अनुभव सांगतों. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं एका परदेशांतील परिषदेंत आम्हीं मराठेशाहीच्या महसूल पद्धतीवर निबंध वाचला. वाचन निर्वेध झालें, शंकांचीं उत्तरेंही बरीं दिलीं गेलीं. नंतर चहाच्या वेळीं फिनलंडच्या एका विद्वान गृहस्थांनीं सहज विचारिलें कीं, तुमच्या गांवीं आतां उन्हाळा असेल नाहीं? आम्हीं उत्तर दिलें तें असें होतें: 'सदर प्रदेशाचें हवामान उष्ण व कोरडें असून मे महिन्यांत तापमान पंचेचाळीस अंशांच्या वर जातें.' गृहस्थांनीं नम्रपणें मान डोलाविली आणि ते दुसऱ्या टोळक्याकडे वळले. आमच्या घरच्या माठाविषयीं, दुपारच्या सामसूम रस्त्यांविषयीं, गच्चीवर निजण्याविषयीं सांगण्यासारखें कितीतरी होतें. पण आमच्या इंग्रजींत माठ नव्हता आणि गच्ची नव्हती. इंग्रजी वाचून तीस वर्षें झालीं होतीं, तरी त्या भाषेंत आजवर एकाही माणसाशीं आम्ही घरगुती असें बोललों नव्हतों. आमच्यापुरतें हें हंसण्यावारी नेतां येईल. परंतु आमचा एक विद्यार्थी, विषयांत आमच्याहून तल्लख, पुण्यास नोकरीच्या मुलाखतीस गेला आणि 'स्वतःविषयीं सांगा' एवढ्या प्रश्नावर अडखळून परत आला, तेव्हां त्याच्या बापाची दोन एकर धानाची जमीन त्या शिक्षणापायीं गहाण पडलेली होती. तेथें हंसूं येत नाहीं.

या भागांतील कोणी मनुष्य दूरदेशच्या माणसाशीं इंग्रजींत मनमोकळें बोललाच नाहीं असें मात्र नव्हे. हिंगणघाटास जन्मलेले व पुढें वरोऱ्यास वकिली करणारे बाबा आमटे तरुणपणीं चित्रपटांचीं परीक्षणें इंग्रजींत लिहीत, आणि ग्रेटा गार्बो व नॉर्मा शिअरर या अमेरिकेंतील विख्यात नटींशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. आनंदवनाच्या पुण्यकथेंत ही गोष्ट लोक जरा संकोचानें सांगतात. आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते. ज्या तरुणानें कोणाचें पोट भरण्यासाठीं नव्हे, परीक्षेसाठीं नव्हे, तर केवळ आवडीनें परक्या भाषेंत परक्या माणसास पत्र लिहिलें, त्याच्या ठायीं त्या भाषेची भीति राहत नाहीं. १९४९ त महारोगी सेवा समिति निघाली. पुढल्या दशकांत सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे नानादेशांचे स्वयंसेवक आनंदवनांत येऊन राहिले आणि कुष्ठरोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनीं बांधकाम केलें. विटा एका हातांतून दुसऱ्या हातांत देतांना जी भाषा बोलली जाते तिला व्याकरणाची चूक फार वेळ अडवीत नाहीं.

आकाशवाणीचें नागपूर केंद्र १९४८ त सुरू झालें, बी. बी. सी. चे इंग्रजी पाठ १९४३ पासून आणि अमेरिकेच्या व्हॉइस ऑफ अमेरिकेचें सोप्या व संथ इंग्रजींतील वृत्त १९५९ पासून हवेंत होतें. लघुलहरींचा रेडिओ कानाशीं धरून तें ऐकणारे एक-दोन शिक्षक आमच्या लहानपणीं आम्हीं पाहिले आहेत. परंतु रेडिओ ऐकवितो; ऐकून घेत नाहीं.

ऐकून घेणारें यंत्र आलें तें या शतकांत. स्काइप ही सोय २००३ त निघाली आणि २०२५ त बंदही झाली. एवढ्या बावीस वर्षांत तिनें काय केलें हें पाहाण्यास महाराष्ट्रांतच दोन स्थळें आहेत. पहिलें फलटण. सुगत मित्र यांनीं १९९९ त दिल्लीस कालकाजी येथें भिंतींत संगणक बसवून झोपडपट्टींतील मुलांपुढें खुला ठेविला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यांच्याच आवाहनावरून २००९ त इंग्लंडांतील अनेक निवृत्त स्त्रियांनीं स्काइपवरून हिंदुस्थानांतील मुलांशीं गप्पा मारण्याचें, त्यांस गोष्टी वाचून दाखविण्याचें काम अंगावर घेतलें. लोकांनीं त्यांस आज्यांचा मेघ असें गमतीचें नांव दिलें. २०१३ त मित्र यांस टेड पारितोषिक मिळाल्यावर ज्या मोजक्या ठिकाणीं अशा शिक्षणाच्या प्रयोगशाळा निघाल्या त्यांत फलटणच्या कमला निंबकर बालभवनाची निवड झाली. या शाळेचें नांव जिच्यावरून पडलें ती कमला निंबकर मूळची अमेरिकन. आणि ती ज्यांनीं चालविली त्या मॅक्सीन बर्नसन याही अमेरिकेंत जन्मलेल्या, मराठीचा अभ्यास करितां करितां फलटणच्याच झालेल्या, आणि जाई निंबकरांसह मराठीचें व्याकरण लिहिणाऱ्या. म्हणजे फलटणच्या मुलांस इंग्रजी बोलणारी आजी पडद्यावर दिसण्याच्या कितीतरी आधीं मराठी बोलणारी अमेरिकन बाई तेथें अंगणांत वावरत होती. हा क्रम आम्हांस फार बोलका वाटतो.

दुसरें स्थळ सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडी. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांस २०२० च्या डिसेंबरांत जागतिक शिक्षक पारितोषिक मिळालें, आणि दहा लक्ष डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटून दिली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं बरेंच कौतुक केलें. त्यांचा एक उपक्रम असा कीं, वैरी म्हणविणाऱ्या देशांतील मुलांनीं, जसें भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन, एकमेकांशीं पडद्यावरून बोलावें. या मुलांस जोडणारी भाषा इंग्रजी असते, परंतु ती त्यांपैकीं बहुतेकांची मातृभाषा नसते. आज जगांत इंग्रजी बोलणारांत जन्मानें ती भाषा मिळालेल्यांहून मागाहून शिकलेल्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. आमच्या वर्गांतील मुलें अजूनही 'साहेबासारखें' बोलूं पाहतात. तो साहेब आतां त्या भाषेच्या बाजारांतला एक लहानसा गिऱ्हाईक झाला आहे, ही वार्ता त्यांच्यापर्यंत पोहोंचली नाहीं.

आतां गडचिरोलीकडे वळूं. १९८२ च्या २६ ऑगस्टला चांद्यापासून निराळा झालेला हा जिल्हा. मराठी, झाडीबोली, गोंडी, माडिया, तेलुगु, छत्तीसगढी, हलबी, आणि पूर्व बंगालच्या निर्वासितांबरोबर आलेली बंगाली, इतक्या भाषा येथें नांदतात. सप्टेंबर २०१६ त जिओ कंपनीनें स्वस्त चौथ्या पिढीची सेवा आणली तेव्हां शहरांत क्रांति झाल्याचे लेख आले. भामरागड-एटापल्लीच्या आंतील गांवांत मात्र कित्येक वर्षें मुलें टेकडी चढून फोन लावीत. पर्लकोटेच्या पुरानें पावसाळ्यांत भामरागडाचा संबंध तुटावा हें तर वर्षानुवर्षें चालत आलेलें. येथें 'रेंज' या शब्दाचा जुना अर्थ आम्हीं वर सांगितला. आतां तोच शब्द घराघरांत निराळ्या अर्थानें ऐकूं येतो: 'रेंज हाय का?' एके काळीं रेंज आली म्हणजे माणसें दडत. आतां ती यावी म्हणून आंब्यावर चढतात. २०२५ च्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र सरकारनें उपग्रहावरून जाळें पुरविणाऱ्या स्टारलिंक कंपनीशीं इरादापत्र केलें, त्यांत नंदुरबार, वाशिम व धाराशिव यांच्याबरोबर गडचिरोलीचेंही नांव आहे. त्याचें फळ काय येतें तें दिसेल तेव्हां दिसेल.

त्या मुलीची व आमची पुढें दोन-तीनदां भेट झाली. तिनें सांगितलेली हकीकत ऐकण्यासारखी आहे. पहिले आठ दिवस तिला एकच वाक्य बिनचूक येत होतें, तें म्हणजे 'माझा आवाज येतो का?' या संभाषणांत शब्द पलीकडे पोहोंचण्यास क्षणभर उशीर लागतो. आपण थांबलों हें पलीकडच्यास उशिरां कळतें, आणि मग दोघें एकदम बोलूं लागतात व दोघें एकदम गप्प होतात. म्हणून वाक्य लहान करावें, शेवटास स्वर उतरवावा, आणि मग वाट पाहावी, ही युक्ति ती आपली आपण शिकली. तिची सोबतीण 'सिटी' या शब्दास 'सिची' म्हणते, कारण ब्राझीलच्या पोर्तुगीज भाषेंत इकारापूर्वींचा 'ट' तसा वळतो. तें ओळखण्यास तिला तीन आठवडे लागले. उलट ब्राझीलच्या बाईस या मुलीचे ट आणि ड फार कठीण आघाताचे वाटतात.

उच्चाराची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. झाडीबोलींत ण आणि ळ नाहींत, श नाहीं. पाण्यास पानी आणि शेतास सेत म्हणतात. याबद्दल येथील मुलांची पश्चिमेकडच्या मंडळींकडून किती कुचेष्टा झाली आहे, तें आम्ही कॉलेजांत असतांना जवळून पाहिलें आहे, आणि त्या कुचेष्टेस भिऊन वर्गांत मराठीही न बोलणारीं मुलें आम्हीं शिकविलीं आहेत. मौज अशी कीं, इंग्रजींतही ण नाहीं व ळ नाहीं. ज्या जिभेस आम्हीं गांवढळ ठरविलें ती त्या दोन वर्णांपुरती इंग्रजीस अधिक जवळची निघाली. श मात्र शिकावा लागतो. तो फुकट मिळत नाहीं.

परंतु खरी अडचण उच्चाराची नव्हतीच. ब्राझीलच्या बाईनें पहिल्याच दिवशीं गांव विचारिलें, तेव्हां या मुलीनें उत्तर दिलें, 'नागपूर'. महिनाभर ती नागपूरचीच राहिली. असें कां केलेंस, म्हणून आम्हीं विचारितां ती म्हणाली, 'सर, आपल्या जिल्ह्याचं नाव टाकलं की बंदुकाच दिसतात.' यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. मग एका रात्रीं बोलणें चालू असतां वसतिगृहामागच्या झाडावर कांहीं ओरडलें आणि तें पलीकडे ऐकूं गेलें. बाईनें विचारिलें, हा कोणता पक्षी? तिला इंग्रजी नांव ठाऊक नव्हतें, मराठी आठवेना. तिनें माडिया नांव सांगितलें. हें नागपूरचें नांव का, असा पुढला प्रश्न आला, आणि तेथें नागपूर संपलें. नाही, हें आमच्या नारचें नांव, असें ती म्हणाली. माडियांत गांवाला नार म्हणतात, तेंही सांगावें लागलें. पलीकडे तिनें सांगितलेले दोन्ही शब्द वहींत उतरून घेतले गेले. हिस्लॉपच्या वहीची आम्हांस येथें आठवण झाली, ती आम्हीं मनांतच ठेविली. मुलीस तें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

हेंही ध्यानांत घ्यावयास हवें कीं, माडिया मुलास मराठी हीच पहिली परकी भाषा आहे. हेमलकशास १९७३ त बाबा आमटे यांनीं लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला आणि १९७६ त तेथें आश्रमशाळा निघाली, तेव्हां मुलांस शिक्षकाची भाषा कळत नसे आणि शिक्षकास मुलांची. 'मराठींतून इंग्रजी' ही आमची सारी पाठमाला अशा मुलापुढें लंगडी पडते. त्यास एका परक्या भाषेच्या शिडीनें दुसऱ्या परक्या भाषेच्या माळ्यावर चढावें लागतें. अलीकडे या एका जिल्ह्यांत दोन शाळा दोन दिशांनीं निघाल्या. लोकबिरादरी प्रकल्पानें २०१५ त नेलगुंडा येथें इंग्रजी माध्यमाचें साधना विद्यालय काढिलें. धानोरा तालुक्यांतील मोहगांवीं ग्रामसभेनें २०१९ त गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०११ च्या शिरगणतींत गोंडी बोलणारे सुमारें २९ लक्ष ८४ हजार भरले, म्हणजे युरोपांतील कित्येक राष्ट्रांच्या वस्तीहून अधिक. तरी तिच्या माध्यमाची शाळा ही एक नवलाची गोष्ट वाटावी! नागपूर-पुण्याच्या व्याख्यानांतून या दोन शाळा एकमेकींच्या शत्रु असल्यासारख्या रंगविल्या जातात. आम्हीं ज्या दोन-चार पालकांशीं बोललों त्यांस दोन्ही हव्या होत्या, आणि हें मागणें त्यांस विसंगत वाटत नव्हतें. आम्हांस पूर्वीं वाटे. त्या पक्ष्याच्या प्रसंगानंतर तितकेंसें वाटत नाहीं. मुलीजवळ माडिया शब्द नसता तर त्या रात्रीं तिला इंग्रजींत सांगण्यासारखें काय होतें?

भय आहे तें दुसरें. ही बोलण्याची सोय ज्या कंपन्यांच्या हातीं आहे त्यांनीं ती दोन रुपयांनीं महाग केली किंवा एक दिवस बंद केली तर विचारणारा कोणी नाहीं. स्काइपचें तेंच झालें. अनोळखी माणसाशीं बोलण्यांत मुलींस उपद्रवही होतो. अधीक्षिकाबाईंनीं म्हणूनच नियम घातला आहे कीं, बोलणें पडवींत, मोठ्या आवाजावर व्हावें, आणि कोणी भलतें बोलूं लागल्यास तत्काळ बंद करून सांगावें. या नियमामुळेंच आमच्या कानीं तें पडलें. आणि गप्पांनीं भाषा येते, ग्रंथांनीं नव्हे, असा जो एक नवा सिद्धांत मिरविला जात आहे तोही आम्हांस मान्य नाहीं; ती मुलगी उत्तम वाचते, म्हणूनच तिच्या बोलण्यास भरणा आहे.

निघण्याच्या आदल्या रात्रीं अधीक्षिकाबाईंनीं आम्हांस पडवींत बोलाविलें आणि मुलीनें आग्रहानें फोन आमच्यापुढें केला. आम्हीं आपला परिचय करून दिला, तो नेहमींप्रमाणें पूर्ण वाक्यांत. बाईंनीं मध्येंच थांबवून विचारिलें, जरा सावकाश बोलतां का? तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांस असें कोणी सांगितलें नव्हतें. मुलगी तोंड फिरवून हंसली. मग बाईंनीं आमच्या नदीचें नांव विचारिलें. आम्हीं वैनगंगा म्हणून सांगितलें. तीनदां सांगावें लागलें. त्यांनीं तें आपल्या परीनें म्हणून पाहिलें आणि त्या नांवाचा अर्थ काय म्हणून पुसलें. आम्ही सांगण्यास आरंभ करणार तोंच वीज गेली, मागोमाग रेंजही गेली, आणि पावसास पुन्हां सुरुवात झाली. मुलगी म्हणाली, 'सर, गुरुवारी मी सांगते त्यांना. तुम्ही मला अर्थ सांगून ठेवा.'